भित्यापाठी ब्रह्मराक्षस
(पाटणा येथील गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आरती झाली, प्रसादही मिळाला, आणि तरीही आपण एवढ्या संख्येने बसून राहिला आहात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. कार्यकर्त्यांनी मला बोलावताना सांगितले होते, ‘सर, मानसशास्त्रावर बोला, पण लोकांना झोप येईल असं बोलू नका.’ दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे. प्रयत्न करतो.

आपल्या मराठीत एक म्हण आहे, ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’. जो भितो त्याच्याच मागे ब्रह्मराक्षस लागतो. लहानपणी आपण या म्हणीचा अर्थ ‘घाबरू नये’ एवढाच शिकलो. पण नीट पाहिले तर या दोन शब्दांत मानसशास्त्रातला एक मोठा सिद्धांत दडलेला आहे. आपल्याला वाटते, राक्षस दिसला म्हणून माणूस घाबरला. म्हण उलटे सांगते, की माणूस आधीच घाबरलेला होता, म्हणून त्याला राक्षस दिसला. आज मला याच क्रमाविषयी बोलायचे आहे. आधी काय येते, भीती की भीतीचे कारण? हा प्रश्न एका मनाचा आहे तसाच तो साऱ्या समाजाचा आहे. कारण एका माणसाला दिसलेला राक्षस जेव्हा हजार माणसांना दिसू लागतो, तेव्हा त्याला आपण अफवा म्हणतो.

आणि हा विषय बोलायला पाटण्यासारखी दुसरी जागा नाही. का ते सांगतो.

१९३४ चा भूकंप आणि एक कोडे

१५ जानेवारी १९३४. दुपारी दोन वाजून गेले होते. बिहार आणि नेपाळ हादरले. भूकंपाची तीव्रता आठच्या आसपास होती. मुंगेर आणि मुजफ्फरपूर ही शहरे अक्षरशः कोसळली. एकट्या बिहारमध्ये सात हजारांहून अधिक माणसे गेली. इथल्या जुन्या घरांत अजूनही त्या भूकंपाच्या आठवणी सांगतात.

भूकंपानंतर अफवांचे पीक आले. जमुना प्रसाद नावाच्या भारतीय मानसशास्त्रज्ञाने एक वेगळेच काम केले. लोक काय बोलत आहेत ते त्यांनी पद्धतशीर टिपून ठेवायला सुरुवात केली. भूकंपाच्या वेळी गंगेचे पाणीच नाहीसे झाले आणि स्नान करणारी माणसे वाळूत रुतली, अशी एक अफवा होती. पाटण्यावर भयंकर वादळ येणार, अशी दुसरी. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, अशी तिसरी. १९३५ मध्ये प्रसाद यांचा हा अभ्यास इंग्लंडमधल्या मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. अफवा कुठे उगवते याची पाच लक्षणे त्यांनी सांगितली. प्रसंग मनाला हादरवणारा हवा, तो नेहमीचा नसावा, त्यात माहीत नसलेल्या बऱ्याच गोष्टी असाव्यात, त्या ताडून पाहता येऊ नयेत, आणि त्यात साऱ्या समूहाला रस असावा. ही पाच लक्षणे आजच्या कोणत्याही अफवेला लावून बघा. एकही शब्द बदलावा लागणार नाही.

पण कोडे पुढेच आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाचनात हा अभ्यास आला. त्याला एक गोष्ट खटकली. या अफवा मुख्यतः कुठे फिरत होत्या? ज्या भागात धक्का जोरात जाणवला, पण फारशी पडझड झाली नव्हती, अशा भागात. आता गंमत बघा. जो माणूस भूकंपातून सुखरूप वाचला, त्याने ‘सुटलो बुवा’ असे म्हणायला हवे. त्याऐवजी तो ‘याहून मोठे संकट येणार आहे’ अशी बातमी पसरवतो आणि तिच्यावर विश्वास ठेवतो. स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी माणूस आपणहून का खऱ्या मानील?

फेस्टिंजरने उत्तर दिले ते असे. या अफवा लोकांना घाबरवत नव्हत्या. लोक आधीच घाबरलेले होते. जमीन हलली, छाती धडधडली, हातपाय कापले. पण डोळे उघडून बघावे तर घर जागच्या जागी, शेजारी ठीक, रस्ता ठीक. मग ही भीती कशाची? मनात भीती आहे आणि समोर भीतीचे कारण नाही, हे दोन्ही एकत्र नांदू शकत नाही. मनाला ते सहन होत नाही. अशा वेळी ‘ग्रहणाला पुन्हा भूकंप होणार आहे’ असे कुणी सांगितले की मन म्हणते, ‘अस्सं! म्हणूनच मी घाबरलो आहे.’ भीतीला कारण मिळाले. राक्षस सापडला आणि जिवाला जरा स्वस्थता आली.

ही कल्पना खरी की नुसताच तर्क, हे ताडून पाहायला दुसरा अभ्यास होता, तोही भारतीयच. १९५० साली दार्जिलिंगच्या डोंगरात भीषण दरडी कोसळल्या. पुढे भारतीय मानसशास्त्रातले मोठे नाव झालेले दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या लोकांमधल्या अफवांचा अभ्यास १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. दार्जिलिंगच्या लोकांनी विध्वंस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तिथे ‘याहून भयंकर काही येणार’ अशा अफवांचा तसा पूर आला नाही. ज्यांच्यासमोर भीतीचे खरे कारण ढिगाऱ्याच्या रूपाने पडलेले होते, त्यांना ते नव्याने रचायची गरज नव्हती.

१९५७ साली फेस्टिंजरचा ग्रंथ आला आणि त्यात त्याने मांडलेला सिद्धांत जगभर पाठ्यपुस्तकांत गेला. मराठीत त्याला बोधनिक विसंवाद म्हणतात. मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळेनात तेव्हा मन अस्वस्थ होते आणि त्यांची काहीतरी जुळवाजुळव करून टाकते, हा त्याचा साधा अर्थ. विसाव्या शतकातल्या या सर्वांत गाजलेल्या सिद्धांतांपैकी एकाचे बी आपल्या या बिहारच्या मातीत आहे, हे इथे राहणाऱ्या आपल्या मुलांना ठाऊक असावे असे मला वाटते.

कारण हवेच असते

मनाला कारणावाचून राहवत नाही, ही फक्त भाबड्या माणसांची गोष्ट नव्हे. याच भूकंपानंतर महात्मा गांधींनी म्हटले होते की, अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेली ही शिक्षा आहे. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांचा लढा चालू होता, त्यांची तळमळ खरी होती. पण रवींद्रनाथ टागोरांना हे मान्य झाले नाही. निसर्गातल्या घटनेला नीतीचे कारण जोडणे योग्य नाही, कारण मग असेच कारण उद्या विरोधकही आपल्याविरुद्ध जोडतील, असा त्यांचा आक्षेप होता. गांधीजींचा मोठेपणा असा की टागोरांचे म्हणणे त्यांनी फेब्रुवारी १९३४ मध्ये स्वतःच्याच ‘हरिजन’ साप्ताहिकात छापले आणि तिथेच आपले उत्तर दिले. एवढ्या मोठ्या दोन माणसांमध्ये मतभेद झाला, पण तो उघडपणे आणि आदराने. समाजाचे मन निरोगी ठेवायचे तर हे लागते. कारण चुकीचे असू शकते, हे म्हणण्याची मुभा.

‘ध’ चा ‘मा’ कसा होतो

आता गोष्ट पसरते कशी ते बघू. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली गणेशोत्सवाच्याच दिवसांत झाला. ‘धरावे’ या शब्दाचा ‘मारावे’ केला गेला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तिथे बदल मुद्दाम केला असे कथा सांगते. पण मुद्दाम न करताही ‘ध’ चा ‘मा’ होतो.

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोघांनी अफवेच्या मानसशास्त्रावर १९४७ साली पुस्तक लिहिले. त्यांचा प्रयोग आपल्या मुलांच्या कानगोष्टीच्या खेळासारखाच होता. एका माणसाला चित्र बघून वर्णन करायला सांगायचे, ते दुसऱ्याने ऐकून तिसऱ्याला सांगायचे, तिसऱ्याने चौथ्याला. पाच-सहा जणांपर्यंत पोचता पोचता मूळ तपशिलातला सुमारे ७० टक्के भाग गळून जायचा. जो उरायचा तो जास्त ठसठशीत व्हायचा. आणि गळलेल्या जागा ऐकणारा आपल्या मनातल्या समजुतींनी भरायचा.

यातले एक चित्र प्रसिद्ध आहे. रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस उभे आहेत आणि गोऱ्याच्या हातात वस्तरा आहे. गोऱ्या लोकांच्या साखळीतून हे वर्णन फिरताना बऱ्याचदा असे झाले की कुठेतरी वाटेत तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला. कुणीही ठरवून खोटे बोलले नव्हते. ज्याच्याविषयी मनात आधीच संशय होता, त्याच्या हातात मनाने वस्तरा देऊन टाकला.

हा वस्तरा लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

२१ सप्टेंबर १९९५

अफवा भीतीचीच असते असे नाही. आनंदाचीही असते. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. आपल्यापैकी जे चाळिशी ओलांडलेले आहेत त्यांना हा दिवस आठवत असेल. पहाटे दिल्लीत बातमी निघाली की गणपती दूध पितो आहे. तेव्हा मोबाईल घरोघरी नव्हते, तरी दुपारपर्यंत देशभर आणि संध्याकाळपर्यंत लंडनपर्यंत देवळांसमोर रांगा लागल्या.

खरे सांगतो, मीही त्या दिवशी वाटी-चमचा घेऊन रांगेत उभा होतो. चमचा सोंडेला लावला आणि दूध खरोखरच कमी झाले. अंगावर काटा आला.

केंद्र सरकारच्या शास्त्रज्ञांनी त्याच वेळी दुधात रंग मिसळून चमचा मूर्तीला लावून दाखवला. काठोकाठ भरलेला चमचा दगडाला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध दगडाकडे ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीच्या अंगावरून खाली उतरते. पांढऱ्या संगमरवरावरून पांढरे दूध ओघळताना दिसत नाही, रंगीत दूध दिसते. भौतिकशास्त्राचे काम एवढ्यावर संपले.

मानसशास्त्राचे काम मात्र इथे सुरू होते. देवळात पाणी झालेले होते, पायाखाली दूध होते, चपला भिजल्या होत्या. मग ते आम्हाला दिसले कसे नाही? कारण आम्ही सगळे सोंडेकडे बघत होतो. पायाशी कुणी बघितलेच नाही. लक्ष ही मर्यादित गोष्ट आहे. आपल्याला काय दिसणार आहे हे आधी ठाऊक असले की मन तेवढेच बघते, बाकीचे गाळून टाकते.

घरी आलो तेव्हा आईला उत्साहाने सगळे सांगितले. ती देवपूजा कधी न चुकवणारी बाई. ती म्हणाली, ‘अरे, दूध प्यायला तरच तो देव, असं थोडंच आहे? मी रोज नैवेद्य दाखवते, तो कधी संपला म्हणून दाखवते का?’ मानसशास्त्राच्या कुठल्या पुस्तकाने मला एवढे शिकवले नसेल. शंका विचारल्याने श्रद्धा बुडते अशी जी धास्ती आपल्याला वाटते, ती तिला वाटत नव्हती.

मिठाची रात्र

काही अफवा अशा असतात की त्या खोट्या असूनही खऱ्या होतात. नोव्हेंबर २०१३ मधली गोष्ट इथल्या सगळ्यांना आठवत असेल. बिहारमध्ये बातमी उठली, मीठ संपत आले आहे. उत्तर बिहारमधून ती बघता बघता पाटण्यात पोचली. लोक पोती भरून मीठ नेऊ लागले. पंधरा-वीस रुपयांचे मीठ शंभर रुपये किलोने आणि त्याहूनही महाग विकले गेले. देशातले तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ एकट्या गुजरातेत पिकते आणि तिथे काहीही झालेले नव्हते.

आपण म्हणू, लोक मूर्ख. पण विचार करा. तुम्हाला पक्के ठाऊक आहे की मीठ संपलेले नाही. पण शेजारी दहा किलो नेतो आहे, पलीकडचा वीस किलो नेतो आहे, दुकान रिकामे होत आहे. आता तुम्ही काय कराल? तुम्हीही दोन पुड्या घ्याल. म्हणजे अफवेवर विश्वास नसलेला माणूससुद्धा ‘इतरांचा विश्वास आहे’ म्हणून तसाच वागतो, आणि दुकानातले मीठ खरोखरच संपते.

रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९४८ साली याला नाव दिले, स्वतःला खरे करणारे भाकीत. त्याने दाखला बँकेचा दिला होता. चांगली चाललेली बँक बुडणार अशी हूल उठते, सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला धावतात आणि बँक खरोखर बुडते. आपल्यापैकी अनेक कुटुंबे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. सोन्याच्या बाजारात हूल काय करते आणि पत किती नाजूक असते हे आपल्याला मर्टनने सांगायची गरज नाही.

इथे मन आणि समाज यांची गाठ दिसते. एकेका माणसाचे वागणे शहाणपणाचे असू शकते आणि त्यांची बेरीज वेडेपणाची. म्हणून समाज समजून घ्यायला एका माणसाचे मन समजणे पुरेसे नाही. माणसे एकमेकांकडे बघून काय करतात हेही बघावे लागते.

सात जणांमधला एक

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. एका पुठ्ठ्यावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिलीएवढ्या लांबीची कोणती, एवढेच सांगायचे. शेंबड्या पोरालाही जमावे असे काम. एकटा माणूस बसला तर चूक जवळजवळ होतच नसे. पण ॲशने त्याला एका गटात बसवले. बाकीचे सगळे आधीच पढवलेले होते. ते एकामागून एक ठरवून चुकीचे उत्तर देत. आता पाळी या बिचाऱ्याची. डोळ्यांना एक दिसते आहे, पण कान दुसरे ऐकत आहेत.

अशा प्रसंगी दिलेल्या उत्तरांपैकी साधारण एक-तृतीयांश उत्तरे गटासारखी चुकीची निघाली. चारपैकी तिघे जण निदान एकदा तरी गटामागे गेले.

हे ऐकून निराश व्हायला होते. पण ॲशने पुढे एक बदल करून पाहिला. पढवलेल्यांपैकी एकाला त्याने खरे उत्तर द्यायला सांगितले. बाकी सगळे तसेच खोटे बोलत राहिले. केवळ एक माणूस खरे बोलला, आणि गटामागे जाण्याचे प्रमाण चौथाईवर आले.

म्हणजे गर्दीचा जोर संख्येत तेवढा नसतो, एकमतात असतो. त्या एकमताला कुठेतरी एक तडा गेला की बाकीच्यांच्या जिवात जीव येतो. तडा देणारा माणूस मोठा असावा लागत नाही. तो एकदा बोलावा लागतो.

राईनपाडा

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला तिच्याकडे येतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा गाव. आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या गावात आले होते. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारा हा भटका समाज. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले. त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. त्यांच्यापैकी कुणी एका लहान मुलीशी बोलले, तेवढ्यावर संशय आला. जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठेचून मारले. पाचही जण गेले.

त्या वर्षी देशात अशा अनेक घटना घडल्या. तेव्हा फिरणाऱ्या एका चित्रफितीत मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेताना दिसत होते. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. शेवटी तेच दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध राहा असे सांगतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणांहून अधिक पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली.

पण दोष केवळ यंत्राचा नव्हे. मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांचा अभ्यास आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे सव्वा लाख बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी खरीपेक्षा वेगाने आणि दूरवर गेली होती, आणि तिला पळवणारी आपोआप चालणारी यंत्रे नव्हती, माणसेच होती. खोट्यात नवलाई असते. आणि नवलाई सांगणाऱ्याला चारचौघांत मान मिळतो.

आता प्रसाद, फेस्टिंजर, ऑलपोर्ट आणि ॲश या चौघांना राईनपाड्यात उभे करा. आईबापांच्या मनात मुलांविषयी धास्ती आधीपासून असतेच. ती धास्ती कारण शोधत असते. मोबाईलने कारण पुरवले. कारणाला चेहरा हवा होता. तो चेहरा शेजाऱ्याचा, नात्यातल्याचा होऊ शकत नव्हता. तो कुणाला दिला गेला? ज्याला गावात कुणी ओळखत नाही, ज्याचे कपडे वेगळे, ज्याची बोली वेगळी, अशा परक्याला. रेल्वेच्या डब्यातला तो वस्तरा इथे परक्याच्या हातात गेला. आणि त्या जमावात ‘थांबा, आधी पोलीस येऊ द्या’ असे म्हणणारा आवाज पुरेसा मोठा झाला नाही.

बंधुभगिनींनो, हे मी इथे का सांगतो? कारण आपण सगळे कधी ना कधी परके होतो. आपले वाडवडील या शहरात उतरले तेव्हा त्यांचीही बोली वेगळी होती, वेष वेगळा होता, भट्टी लावून सोने गाळणारी ही माणसे कोण कुठली, असा प्रश्न कुणाला तरी पडला असेल. कुणीतरी चौकशी केली, कुणीतरी जागा दिली, कुणीतरी शेजाऱ्यांना सांगितले, ‘माणसं चांगली आहेत.’ म्हणून आज या मांडवात शेजारच्या बिहारी कुटुंबांसह आपण आरती म्हणतो. राईनपाड्यात मेलेले पाचजण आपल्यासारखेच पोटासाठी घर सोडून निघालेले होते. त्यांच्यासाठी तसे सांगणारे कुणी भेटले नाही, एवढाच फरक.

मग करायचे काय?

उपाय म्हणून लोक सांगतात, शिक्षण वाढवा. शिक्षण हवेच, पण ते पुरत नाही. दुधाच्या रांगेत मी पदवी घेऊनच उभा होतो. माझ्या अनुभवातून मी तीन साध्या गोष्टी सांगतो.

पहिली. निरोप पुढे पाठवण्याआधी दोन प्रश्न इतरांना विचारा आणि एक स्वतःला. हे कुणी पाहिले? केव्हाचे आणि कुठले आहे? आणि स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की हे खरे असावे असे मला का वाटते आहे? हा तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. पण तोच आपल्याला सोंडेवरून नजर काढून पायाकडे बघायला लावतो.

दुसरी. घरातल्या वडीलधाऱ्यांनी किंवा मुलांनी एखादी खोटी बातमी खरी मानली तर त्यांना हसू नका. हसल्याने भीती जात नाही, ती फक्त आपल्यापासून लपते. त्यांना कशाची धास्ती आहे ते आधी विचारा. नातीला शाळेतून एकटीने यावे लागते, ही आजीची खरी काळजी असते. मुले पळवणारी टोळी हे तिच्या काळजीचे नाव असते. नातीला आणायला कुणी जाईल एवढी व्यवस्था करा, टोळी आपोआप पांगेल.

तिसरी गोष्ट उत्सव समितीसाठी. ३ ऑक्टोबर २०१४ ला याच शहरात, गांधी मैदानात, रावणदहनानंतर चेंगराचेंगरी होऊन ३३ जणांचे प्राण गेले. विजेची तार पडल्याची अफवा पसरली होती असे तेव्हा सांगितले गेले. गर्दीत, अंधारात, अरुंद वाटेवर अफवेला उत्तर द्यायला वेळ नसतो. म्हणून विसर्जनाच्या दिवशी लाऊडस्पीकर फक्त गाण्यांसाठी ठेवू नका. ओळखीच्या, शांत आवाजाचा एक माणूस त्यावर सतत बसवा. काय चालले आहे, वाट कुठली मोकळी आहे, हे तो सांगत राहिला तर अफवेला शिरायला फट राहणार नाही. प्रसादांची पाच लक्षणे आठवा. माहिती नसणे हीच अफवेची जमीन आहे.

समारोप करतो. आपण गणपतीला बुद्धीची देवता म्हणतो. त्याचे कान मोठे आहेत आणि डोळे बारीक. लहानपणी मला आजोबांनी त्याचा अर्थ सांगितला होता, की ऐकावे भरपूर आणि बघावे बारकाईने. पुढे मी मानसशास्त्र शिकलो, शिकवले, पण त्यात भर घालण्यासारखे मला फारसे काही सापडले नाही.

ब्रह्मराक्षस कुणाच्या मागे लागतो ते आपल्या म्हणीने सांगितलेच आहे. पुढच्या वेळी मोबाईलवर किंवा चौकात कुणी राक्षस दाखवला, तर आपल्यापैकी एकाने तरी ‘थांबा, जरा बघू’ असे म्हणावे. एकाने म्हटले तरी पुरते, हे ॲशने दाखवून दिले आहे. तो एक आपण असावे, एवढीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!